वऱ्हाडची पंगत आणि लहान झालेलें पोट

वऱ्हाडांत पाहुणा उंबरठ्यांत आला म्हणजे त्याच्या हातीं आधीं पाण्याचा तांब्या येतो आणि पाठोपाठ जेवणाची विचारणा होते. जेवून आलों असें त्यानें सांगितलें तरी पान मांडलें जातें; कारण त्या उत्तरावर विश्वास ठेवणें यजमानाच्या रीतींत बसत नाहीं. पान मांडल्यावर ‘पुरे’ हा शब्दहि पहिल्या खेपेस कोणी खरा मानीत नाहीं. “घ्या नं जी, अजून एक रोडगा! काऊन, भाजी जमली नाई का?” असें म्हणत वाढणारा पुढें सरकतो, आणि पाहुण्यानें पानावर आडवा धरलेला हात प्रेमानें बाजूला सारला जातो. अमरावती आणि अकोला या दोन जिल्ह्यांत ही रीत श्रीमंताच्या वाड्यांत आहे, तशीच कुडाच्या घरांतहि आहे.

अशा या पंगतींत अलीकडच्या वर्षांत एक नव्या प्रकारचा पाहुणा येऊन बसूं लागला आहे. यजमानाविषयीं त्याच्या मनांत अढी नसते, स्वयंपाकाला तो नांवें ठेवीत नाहीं. परंतु त्याचें जठर शस्त्रवैद्यानें कापून लहान केलेलें असतें. स्थूलता, मधुमेह, रक्तदाब, गुडघ्यांची झीज यांनीं गांजल्यामुळें त्यानें ही शस्त्रक्रिया पत्करलेली असते. थोडक्या घांसांत त्याचें पोट भरतें, आणि त्यानंतरचा एकच घांस त्याला सुखाऐवजीं यातना देतो. शस्त्रवैद्याचें काम कांहीं तासांत आटोपतें. परंतु तें लहान झालेलें पोट घेऊन पिढ्यान्‌पिढ्यांच्या चालीरीतींत परत जाऊन बसणें हें काम आयुष्यभर चालू राहतें. तें काम एकट्या रोग्याचें आहे, कीं त्याच्या ताटाभोंवतीं बसलेल्या सर्वांचें, हा प्रश्न विचार करण्यासारखा आहे. त्याचें उत्तर शोधावयाचें तर वऱ्हाडच्या पंगतीचा आणि पोटाच्या शस्त्रक्रियेचा, असा दोन्ही इतिहास थोडा चाळावा लागतो.

आग्रहाचीं मुळें येथील काळ्या मातींत आहेत. वऱ्हाड हा ज्वारीचा आणि कापसाचा मुलूख. ज्वारी पोट भरी आणि कापूस पैसा देई. १८५३ सालीं निजामाच्या ताब्यांतील हा प्रांत इंग्रज कंपनीच्या कारभाराखालीं गेला. पुढें १८६१ ते १८६५ या काळांत अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें, तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला, आणि खामगांव, अमरावती, अकोला येथील कापसाच्या बाजारांना एकाएकीं मोठें महत्त्व आलें. १८६७ सालीं लोहमार्ग वऱ्हाड ओलांडून नागपूरला पोंचला. कापसाच्या गांठी मुंबईच्या वाटेला लागल्या आणि रोकड पैसा खेळूं लागला. युद्ध संपतांच भाव कोसळले. परंतु ज्वारीच्या पुष्कळ शेतांत कापूस शिरला तो शिरलाच. घरच्या कणगींतील धान्यावर निभावणारा शेतकरी हळूहळू बाजारच्या धान्यावर अवलंबून राहूं लागला.

याचा परिणाम काय होतो, तें शतकाच्या अखेरीस कळून आलें. १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन भीषण दुष्काळ एकामागून एक आले. आगगाडी होती, बाजारपेठा होत्या. पण धान्य विकत घेण्यास गरिबाच्या हातीं पैसा नव्हता. माणसें दुष्काळी कामावर खडी फोडूं लागलीं आणि अन्नछत्राच्या रांगेंत उभीं राहिलीं. ज्या समाजानें असे दिवस पाहिले, त्याच्या दृष्टीनें भरलेलें ताट हें नुसतें ताट राहत नाहीं. या घरांत तुला कमी पडणार नाहीं, असें दिलेलें तें अभय असतें. पाहुणा ‘पुरे’ म्हणाला असतांहि आणखी एक भाकरी पुढें करणें, यामागें अशी ही जुनी भीति आणि जुनी माया दोन्ही उभ्या आहेत. वाढणाऱ्यास तिची आठवण नसेल; पण त्याच्या हाताला ती आहे.

अन्न नाकारण्याला येथें आणखी एक अर्थ चिकटलेला आहे, आणि तो अधिक बोंचणारा आहे. पूर्वीं प्रत्येक जातीची पंगत वेगळी बसे. कोणाच्या हातचें पाणी चालतें आणि कोणाच्या हातचें चालत नाहीं, यावरून माणसाची पायरी ठरे. १९२७ सालीं अमरावतीस अंबादेवीचें मंदिर अस्पृश्यांना खुलें व्हावें म्हणून चळवळ उभी राहिली आणि डॉ. पंजाबराव देशमुखांसारखे पुढारी तिच्या पाठीशीं उभे राहिले. तेव्हां मंदिराच्या दाराइतकाच ताटाचा प्रश्नहि समाजापुढें होता. ज्या घराण्यांनीं पिढ्यान्‌पिढ्या ‘तुमच्या घरचें चालत नाहीं’ हें वाक्य ऐकलें, त्यांच्या अंगणांत पाहुण्यानें दोन घांस खाऊन हात आखडला, तर जुनी जखम पुन्हां ठणकावी यांत नवल नाहीं. शस्त्रक्रिया झालेल्या माणसाचा नकार हा पोटाचा असतो. पण ऐकणाऱ्याला तो मनाचा वाटूं शकतो. येथेंच दोन्ही बाजूंचें दुःख सुरू होतें.

आतां दुसरा इतिहास. मनुष्य पोटाचा भाग काढून टाकल्यावरहि जगूं शकतो, हें १८८१ पर्यंत कोणी सिद्ध करून दाखविलें नव्हतें. त्या वर्षाच्या २९ जानेवारीस व्हिएन्ना येथें थिओडोर बिलरोथ या शस्त्रवैद्यानें कर्करोगानें ग्रासलेल्या एका स्त्रीच्या जठराचा खालचा भाग काढून उरलेलें जठर आंतड्यास जोडलें. ती स्त्री शस्त्रक्रियेंतून वांचली. कांहीं महिन्यांनीं मूळच्या रोगानेंच तिचा अंत झाला. पुढें पोटांतील व्रणासाठींहि अशा शस्त्रक्रिया होऊं लागल्या, आणि वैद्यांच्या ध्यानांत एक विलक्षण गोष्ट आली. रोगी बरा होई, परंतु जेवणानंतर थोड्याच वेळांत त्याला दरदरून घाम येई, छाती धडधडे, पोटांत कळा येत आणि भोंवळ येई. १९१३ सालीं लंडनच्या आर्थर हर्ट्झ यांनीं या लक्षणांची मीमांसा केली. जठराचें दार नीट न राहिल्यामुळें अन्न, विशेषतः गोड अन्न, एकदम आंतड्यांत कोसळतें, म्हणून हा त्रास होतो. त्याला पुढें ‘डंपिंग’ असें नांव पडलें. मालगाडीचा डबा एकदम रिता करावा, तसा हा प्रकार.

वजन उतरविण्यासाठीं बुद्ध्याच शस्त्रक्रिया करण्याचा विचार त्यानंतरचा आहे. १९५४ सालीं अमेरिकेंत लहान आंतड्याचा बराचसा भाग वगळून टाकण्याची पद्धत निघाली. वजन घटे, पण अतिसार, यकृताचे विकार आणि मूतखडे मागें लागत, त्यामुळें ती पद्धत कालांतरानें सोडून द्यावी लागली. आयोवा विद्यापीठांतील एडवर्ड मेसन यांनीं असें पाहिलें कीं, व्रणासाठीं जठराचा मोठा भाग काढलेल्या स्त्रिया पुढें सहसा लठ्ठ होत नाहींत. त्या निरीक्षणावरून त्यांनीं १९६६ सालीं जठराचा वरचा लहान कप्पा वेगळा करून तो आंतड्याला जोडण्याची रीत काढली. तीच ‘बायपास’ होय. १९९० नंतर दुर्बिणीच्या साह्यानें, पोटावर लहान छेद देऊन ही शस्त्रक्रिया होऊं लागली. त्याच सुमारास पुढें आलेली दुसरी रीत ‘स्लीव्ह’ या नांवानें ओळखली जाते. तींत जठराचा सुमारें तीन चतुर्थांश भाग काढून सदऱ्याच्या बाहीसारखी एक नळी मागें ठेवतात.

ही हौसेची शस्त्रक्रिया आहे, असा समज पुष्कळांचा असतो; तो खरा नाहीं. स्वीडनमध्यें १९८७ सालीं सुरू झालेल्या एका दीर्घ अभ्यासांत ४०४७ स्थूल व्यक्तींची वर्षानुवर्षें नोंद ठेवण्यांत आली. २००७ सालीं प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षाप्रमाणें, शस्त्रक्रिया झालेल्यांत मृत्यूचें प्रमाण इतरांहून कमी आढळलें. विदर्भांत हा विषय घरोघर बोलला जाऊं लागला तो २०११ नंतर. त्या वर्षीं भारतीय जनता पक्षाचे तत्कालीन अध्यक्ष, नागपूरचे नितीन गडकरी यांनीं मुंबईस ही शस्त्रक्रिया करून घेतली. खाण्याची आवड असलेला पुढारी अशी त्यांची ख्याति असल्यामुळें त्या वार्तेची चर्चा बरीच झाली. तोंपर्यंत जी गोष्ट कुजबुजींत होती ती वृत्तपत्रांत आली.

वऱ्हाडांत लठ्ठपणा आला कोठून, असा प्रश्न कोणी विचारील. दुष्काळ पाहिलेल्या मुलखांत तो असंगत वाटतो खरा. पण दोन्ही गोष्टी आज एकाच घरांत नांदतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत देशांतील १५ ते ४९ वर्षांच्या स्त्रियांपैकीं शेंकडा २४ स्त्रियांचें वजन प्रमाणाबाहेर आढळलें. त्याच पाहणींत शेंकडा ५७ स्त्रियांच्या रक्तांत रक्तद्रव्याची न्यूनता, म्हणजे रक्तक्षय, दिसली. ज्वारीची भाकरी मागें पडून गव्हाची पोळी आणि पॉलिशचा तांदूळ ताटांत आला, तेल आणि साखर स्वस्त झाली, नांगर-वखराचें श्रम यंत्रानें घेतले. ताट भरत गेलें आणि अंगमेहनत आटत गेली. आग्रह मात्र दुष्काळाच्या काळांतला तोच राहिला.

शस्त्रक्रियेनंतर जेवण कसें बदलतें, हें नीट समजून घेतलें पाहिजे. कारण गैरसमज बहुधा तेथेंच होतात. मोठ्या माणसाच्या जठरांत सामान्यतः लिटरभर अन्न मावतें. बायपासनंतर जो कप्पा उरतो त्यांत प्रारंभीं दोन मोठ्या चमच्यांइतकेंच अन्न राहतें. म्हणून पहिले साधारण दोन आठवडे केवळ पातळ पदार्थ घ्यावयाचे. वरणाचें गाळलेलें पाणी, ताक, दूध. त्यानंतर घोटलेलें अन्न, मग मऊ अन्न. आणि नेहमींच्या जेवणाकडे वळावयास दीड-दोन महिने लागतात. वऱ्हाडी स्वयंपाकघर या कामीं अगदींच परकें नाहीं. सैलसर पिठलें, घोटलेलें तुरीचें वरण, मुगाची पातळ खिचडी, दहीं हे घरचेच पदार्थ या पायऱ्यांना उपयोगी पडतात. उलट निखाऱ्यावर भाजलेला कणकेचा घट्ट रोडगा, मिरचीचा ठेचा आणि वांग्याच्या भाजीवरची तेलाची तर्री यांची पाळी फार उशिरां येते. कांहींच्या बाबतींत ती येतहि नाहीं.

नियम तसे थोडेच आहेत, पण ते कडक आहेत. घांस लहान घ्यावा आणि पुष्कळ चावावा. एका लहान वाटीला वीस-पंचवीस मिनिटें लागलीं तरी घाई करूं नये. आधीं वरण, अंडें, पनीर असे प्रथिनांचे पदार्थ, भात-पोळी मागून. दिवसाकांठीं निदान ६० ग्रॅम प्रथिनें पोटांत जावीं असें वैद्य सांगतात, आणि शाकाहारी घरांत तें गणित मुद्दाम जुळवावें लागतें. जेवतांना पाणी पिऊं नये. तें अर्ध्या तासानें, घोंटघोंट घ्यावें. हा शेवटचा नियम वऱ्हाडांत सर्वांत जड जातो. वैशाखांत अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या वर जातो, घसा कोरडा पडतो, आणि तांब्या तोंडाला लावून गटागटा पिण्याची जन्माची संवय एकाएकीं मोडावी लागते. पोट लहान असल्यामुळें एका वेळीं पुरेसें पाणी मावत नाहीं; म्हणून तें दिवसभर, लक्ष ठेवून प्यावें लागतें. जो हें विसरतो त्याला शुष्कतेचा धोका असतो. ब-१२ जीवनसत्त्व, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व यांच्या गोळ्या बहुधा जन्मभर चालू ठेवाव्या लागतात. मद्य तर बायपासनंतर रक्तांत फार लवकर चढतें. लग्नाच्या रात्रीं मित्रमंडळींच्या आग्रहाला ज्यानें अजिबात बळी पडूं नये, असा हा पाहुणा होय.

भुकेचेंहि रूप पालटतें. जठराच्या वरच्या भागांत ‘घ्रेलिन’ नांवाचें एक द्रव्य तयार होतें, तें मेंदूला भुकेचा निरोप देतें. जपानी संशोधकांनीं तें १९९९ सालीं शोधून काढलें. स्लीव्हमध्यें तोच भाग निघून जातो, आणि पुष्कळ रोग्यांना पहिले कांहीं महिने भूक अशी लागतच नाहीं. परंतु खाण्याची ओढ निराळी आणि भूक निराळी. दिवसभराचा शीण, एकटेपणा, घरांतील कुरबूर यांवर ज्यानें वर्षानुवर्षें खाण्याचाच उतारा शोधला, त्याचा तो आधार शस्त्रानें काढून घेतलेला असतो. त्याच्या जागीं दुसरें कांहीं दिलेलें नसतें. अशा वेळीं माणूस खिन्न होतो. वजन भराभर उतरत असतां, लोक वाहवा करीत असतां, तो आंतून एकाकी असूं शकतो. शस्त्रवैद्याइतकीच आहारतज्ज्ञाची आणि मानसोपचाराची सोबत जरूर पडते, ती याचसाठीं. सोबत सुटली कीं कांहीं वर्षांनीं वजनहि हळूहळू परत येऊं शकतें.

यापुढचा मुक्काम पंगतीचा. वऱ्हाडच्या वर्षांत खाण्याचीं निमंत्रणें संपत नाहींत. थंडींत शेतावर हुरडा असतो. मारुतीच्या पारापाशीं नवसाचे रोडगे असतात. अखाजीला आमरस आणि कुरडई असते. पितृपक्षांत पूर्वजांच्या नांवानें पान वाढलें जातें. घरांत कोणी गेलें तर तेरवीचें जेवण चुकत नाहीं. अधिक महिना आला म्हणजे जवाईबापूंना धोंड्याला बोलावतात, आणि सासूबाई पुरणाचे धोंडे व अनारसे पुढें मांडतात. ज्या जांवयाचें जठर लहान झालें आहे, त्याच्या दृष्टीनें हें ताट म्हणजे परीक्षाच. मान म्हणून चार धोंडे खावे, तर अर्ध्या तासांत घाम, धडधड आणि ओकारी. न खावे, तर सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी. सासूबाईंना दोष देतां येत नाहीं. त्यांनीं त्या पुरणांत वर्षाची माया घोटलेली असते, आणि ती पोंचली कीं नाहीं हें मोजण्याचें एकच माप त्यांना शिकविलेलें असतें.

या पेंचांतून सुटण्यासाठीं पुष्कळ जण दोहोंपैकीं एक वाट धरतात. कांहीं जण शस्त्रक्रिया लपवितात. ‘आज उपास आहे’, ‘पोट बिघडलें आहे’ अशीं निमित्तें सांगतात. पण एकादशी रोज येत नाहीं, आणि एकादशीला तर येथें दुप्पट खाण्याची चाल! शिवाय वजन उतरत असतां केंस गळतात, चेहरा ओढल्यासारखा दिसतो. मग गांवांत कुजबूज सुरू होते कीं, यांना कांहीं मोठा आजार जडला आहे. लपविण्यानें प्रश्न सुटत नाहीं, त्याला शंकेचें खतपाणी मिळतें. दुसरे कांहीं जण समारंभालाच जाणें सोडतात. पहिल्या वर्षीं लोक विचारतात, दुसऱ्या वर्षीं विचारीत नाहींत. ज्या देहव्याधीमुळें माणूस चार लोकांत जाण्यास संकोचत होता ती गेली, आणि तिच्या जागीं नवा संकोच आला, तर शस्त्रक्रियेनें कमावलें त्यांतील बरेचसें गमावलें असेंच म्हणावें लागेल.

मंगल कार्यालयांतून उभ्यानें जेवण्याची जी पद्धत आली आहे तिच्यामुळें कांहीं सोय झाली, हें खरें. तेथें कोण किती वाढून घेतो इकडे कोणाचें लक्ष नसतें. परंतु लक्ष नसणें आणि समजून घेणें यांत अंतर आहे. हातांत बशी घेऊन गर्दींत एकटें उभें राहण्यानें पोटाचें पथ्य संभाळतां येतें. सहभोजनाचें सुख मात्र मिळत नाहीं.

स्त्रियांची गोष्ट आणखी वेगळी आहे. सर्वांना वाढून झाल्यावर, उरलें-सुरलें घेऊन शेवटीं बसावयाचें, ही रीत पुष्कळ घरांतून अजून गेलेली नाहीं. शस्त्रक्रिया झालेली गृहिणी या रीतींत सांपडली कीं तिचें नुकसान दुहेरी होतें. पुरुषाच्या पानावर उरलेली भाकरी सर्वांना दिसते. तिच्या पानावर काय होतें हें कोणीच पाहत नाहीं. वरण संपलेलें असतें, भाताची खरवड उरलेली असते. आणि तिच्या लहान पोटांत जी थोडी जागा आहे तीहि सत्त्वहीन अन्नानें भरून जाते. ज्या देशांत निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या रक्तांत आधींच न्यूनता आहे, तेथें हा प्रकार धोक्याचा आहे. तिचें जेवण थोडें असावयाचें, म्हणूनच तें वेळेवर आणि निवडक असलें पाहिजे. म्हणजे तिनें सर्वांच्या बरोबर, कदाचित्‌ सर्वांच्या आधीं, बसलें पाहिजे. वैद्यकानें घातलेली ही अट म्हणजे घराच्या जुन्या रीतीला केलेला एक न्याय्य प्रश्नच होय.

मग पंगतीची रीत बदलावी कीं काय? वऱ्हाडला हा प्रश्न नवा नाहीं. अमरावती जिल्ह्यांतील शेंडगांवीं २३ फेब्रुवारी १८७६ रोजीं जन्मलेले आणि अकोला जिल्ह्यांतील दापुरें गांवीं मामाच्या घरीं वाढलेले डेबूजी, म्हणजेच गाडगे महाराज, यांनीं तो आपल्या घरापासूनच विचारला होता. मुलीच्या बारशाला मद्य-मांसाचें जेवण घालण्याची भाऊबंदांची चाल त्यांनीं मोडली आणि साधें गोड जेवण वाढलें, असें त्यांचे चरित्रकार सांगतात. भाऊबंद रागावले, पण पंगत उठून गेली नाहीं. १९०५ सालीं घर सोडल्यावर गांवोगांव खराटा चालवावा, श्रमाच्या मोबदल्यांत भाकरी मागावी आणि ती हातांतल्या गाडग्यांत घेऊन खावी, असा त्यांचा क्रम होता. २० डिसेंबर १९५६ रोजीं अमरावतीजवळ त्यांचें देहावसान झालें. या पुरुषाचें ताट एका मडक्याएवढें होतें. पण म्हणून त्याच्याबरोबर बसणाऱ्याला आपला अपमान झाला असें वाटलें नाहीं. माणसाची थोरवी तो किती खातो आणि किती वाढतो यावर अवलंबून नाहीं, हें वऱ्हाडला त्यानें कृतीनें शिकविलें.

शेगांवच्या गजानन महाराजांची कथाहि येथें ध्यानांत घेण्यासारखी आहे. २३ फेब्रुवारी १८७८ रोजीं ते प्रथम लोकांच्या दृष्टीस पडले, ते एका भोजनसमारंभानंतर बाहेर टाकलेल्या पत्रावळींवरचीं शितें वेंचून खातांना, अशी परंपरा आहे. अन्नाचा कणहि वायां जाऊं नये, ही शिकवण वऱ्हाडांत त्या कथेमुळें खोल रुजली. तिचा परिणाम असा होतो कीं, पानांत टाकलेलें अन्न पाहून जेवणाऱ्याला अपराध्यासारखें वाटतें, आणि शस्त्रक्रिया झालेला माणूस पोट दुखत असतांहि शेवटचे घांस घशाखालीं लोटतो. वस्तुतः त्या शिकवणीचा सरळ अर्थ उलट आहे. अन्नाला मान द्यावयाचा तर तें पोटांत कोंबूं नये आणि पानांतहि टाकूं नये. मुळांतच बेतानें वाढून घ्यावें. हा बेत वाढणाऱ्याच्या हातीं आहे.

रीत बदलूं शकते, याचा एक पुरावा अगदीं जवळचा आहे. पूर्वीं मधुमेही माणसानें चहा नाकारला कीं ‘एक कप घेतल्यानें काय होतें?’ असें म्हणून साखर घातलेला चहा त्याच्या हातांत ठेवीत. आज खेड्यांतल्या घरींहि ‘बिनासाखरेचा करूं का जी?’ हा प्रश्न सहज विचारला जातो. यजमानाचा आग्रह कमी झाला नाहीं, त्याची माया आटली नाहीं; तिला नवें वळण मिळालें, एवढेंच. साखरेच्या बाबतींत जें झालें तें घांसांच्या संख्येबाबत होण्यास काय हरकत आहे? मोठ्या ताटाऐवजीं लहान वाटी पुढें करणें, पहिल्याने मऊ वरण वाढणें, पाण्याचा आग्रह न करणें, ‘अजून घ्या’ म्हणण्याऐवजीं ‘सावकाश होऊं द्या’ म्हणणें, आणि त्याचे चार घांस संपेपर्यंत वीस मिनिटें त्याच्याशीं बोलत बसणें, एवढें यजमानानें केलें कीं त्याचें कर्तव्य पुरें झालें. पाहुण्यानेंहि आपला भार उचलावयाचा आहे. शस्त्रक्रिया झाली आहे हें यजमानीणबाईंना आधींच, एकांतांत, मोकळेपणीं सांगावें. चार घांस का होईनात, ते मन लावून खावे, चवीचें कौतुक करावें. आणि पोट भरलें म्हणून पंगतींतून उठून जाऊं नये. जांवयानें चार धोंड्यांऐवजीं वाटींत सासूबाईंच्या हातचें पुरण चमचाभर घेतलें आणि उरलेले डब्यांत बांधून मुलाबाळांसाठीं नेले, तर सासूबाईंची माया पोंचते आणि वैद्याचाहि शब्द राहतो.

पंगत हा शब्द ‘पंक्ति’पासून आला. पंक्ति म्हणजे ओळ. त्या शब्दांत अन्नाचें वजन नाहीं, घांसांची संख्या नाहीं. आहे तें फक्त शेजारीं शेजारीं बसणें. एके काळीं या ओळींत कोणी बसावें आणि कोणी बसूं नये यावर वऱ्हाडांत मोठे वाद झाले, आणि पुष्कळ कष्टानें ती ओळ लांबली. ज्या समाजानें जातीच्या भिंती ओलांडून ताटाला ताट लावण्याचा प्रयत्न केला, त्याला ताटाशेजारीं एक वाटी मांडणें अवघड जाण्याचें कारण नाहीं. जठर शस्त्रवैद्यानें लहान केलें. माणसाची जागा लहान करण्याचा अधिकार कोणालाच नाहीं. ती जागा पूर्वीं होती तेवढीच, ओळीच्या मध्यावर, त्याच्यासाठीं राखून ठेवणें, हाच खरा पाहुणचार.